नसीम बाईंचं ‘दहात किती?’

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी नसीम बाईंचं नाव घेतो. आईसमोरही घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, "आमचं तं कामच होतं. बाईले काय पडली होती?"

बाई आम्हाला अकरावी-बारावीला गणित शिकवायच्या. भद्रावतीतल्या आमच्या शाळेलाच कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं होतं, त्यामुळे कॉलेजच्या मुलांनाही त्या मॅडम न होता बाईच राहिल्या. उंची बेताची, साधी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. चष्म्याची एक काडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. दोरा घरचाच. वडील पिंजारी होते आणि भाऊ, रऊफभाई, आजही घराच्या पुढच्या खोलीत कापूस पिंजून गाद्या भरतात. बाईंनी लग्न केलं नाही. त्या भावाच्या कुटुंबातच राहिल्या आणि त्यामुळे त्यांच्या केसांत कायम कापसाचा एखादा तंतू अडकलेला असायचा. मागच्या बाकावरून एकदा कोणीतरी ओरडलं, "बाई, पांढरे केस वाढले!"

बाईंनी फळ्याकडून मान न वळवता सांगितलं, "एक कापसाचा आहे. बाकीचे तुमच्यापायी झाले."

पुस्तकात संभाव्यतेचा धडा होता. त्यात फासे, नाणी आणि पत्त्यांचा कॅट. बाईंनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "फासे कोण खेळून राह्यलं इथी? पत्ते हातात दिसले तं तुमचे बाप पाठ सोलून काढतात. गजू, तू सांग, आज तुह्या गावची एसटी वेळेवर येईन का?"

"नाई बाई."

"नाई म्हणजे? दहात किती?"

मी म्हणालो, दहात तीन वेळा येत असेल. लगेच आमच्या गावची दुसरी मुलं भांडायला लागली, तीन नाही, दोन. तासभर एसटीवर वाद झाला आणि संभाव्यता आमच्या डोक्यात बसली. तेव्हापासून शाळेत जो तो ‘दहात किती?’ विचारू लागला. शिपायानं घंटा उशिरा देण्याची शक्यता दहात किती, मुख्याध्यापक रजेवर असण्याची दहात किती. बाईंना या खेळाचा फार आनंद व्हायचा. फक्त एक अट होती. आकडा सांगितला की त्याला धरून वागायचं. ‘दहात नऊ वेळा पाऊस येईन’ म्हणणारा पोरगा छत्रीशिवाय आला तर त्या त्याला दारातच अडवायच्या. "आकडा खोटा की तू खोटा? एक काहीतरी कबूल कर."

एकदा पेपर तपासायला त्यांना चंद्रपूरला जायचं होतं. मी स्टँडवर भेटलो. समोरून काळी-पिवळी जीप भरून चालली होती, ड्रायव्हर हाका मारत होता. बाई म्हणाल्या, "एसटी येण्याचे दहात सात आहेत, अन् जीपमध्ये कंबर मोडते. मी थांबतो." एसटी आलीच नाही. पुढची जीपही मिळाली नाही. मला राहवलं नाही, म्हणालो, "बाई, तुमचं चुकलं."

"काऊन चुकलं? मी सात म्हटलं होतं, दहा थोडीच म्हटलं होतं! आज उरलेल्या तिनातलं निघालं." मग शांतपणे टपरीवरची भजी घेऊन त्यांनी अर्धी पुडी माझ्यापुढे धरली. "हे पाह्य, निकाल वाईट लागला म्हणून ठरवणं वाईट होत नाई. अन् निकाल चांगला लागला म्हणून माणूस हुशारबी होत नाई. खा, थंड होऊन राह्यले."

शिकवताना त्या शुद्ध पुस्तकी बोलायच्या, पण जीव लावून बोलायला लागल्या की अशा. मध्येच पुरुषासारखं ‘मी थांबतो, मी जातो’ म्हणायच्या. आमच्या भागात बायका बोलतात तसं.

पण ‘दहात किती’ हे बाईंचं निम्मंच गणित होतं. उरलेलं निम्मं त्या वर्गात शिकवत नसत. त्यासाठी घरी जावं लागायचं, आणि तेही मोठा पेच पडल्याशिवाय कोणी जात नसे. दहावीनंतर कुठली शाखा, बारावीनंतर डी.एड. की पोलीस भरती, आलेलं स्थळ की अजून एक परीक्षा, अशा गोष्टींसाठी मुलं-मुली त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. बाजूला रऊफभाईंची पिंजण्याची मशीन घरघरत असायची, त्यामुळे सगळ्यांना आपली गुपितं ओरडून सांगावी लागत.

बाई विचारायच्या, "यातून वाईटात वाईट काय होऊ शकते? त्याले शून्य दे. चांगल्यात चांगलं काय? त्याले शंभर. आता बाकीचं सारं मधात बसव." मग प्रत्येक गोष्ट घडण्याचे ‘दहात किती’ काढून त्या हिशोब मांडायच्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याला अपेक्षित उपयोगिता म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा, पदवीच्या वाचनालयात कळलं. तिथं ते सूत्र पाहून मला एकट्यालाच हसू आलं होतं. मी तर ते कापूस पिंजण्याच्या आवाजात शिकलो होतो.

माझ्या वर्गातल्या कोमलची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. तिला बँकेत कारकुनाची नोकरी लागली होती, पण मोठ्या परीक्षेला आणखी एक वर्ष द्यायचं मनात होतं. बाईंनी विचारलं, "बँकेले किती?" कोमल म्हणाली, "नव्वद." परीक्षा निघण्याचे दहात दोन, म्हणजे शंभरातले वीसच. हिशोब सरळ होता. बाई म्हणाल्या, "जा, बँकेत रुजू हो." आणि कोमल रडायला लागली.

बाईंनी रऊफभाईंना मशीन बंद करायला सांगितली. "नव्वद कोणाचे होते गं?"

"माह्या काकाचे."

"मग काकाले नोकरी कर म्हणा. तू तुहा आकडा सांग."

कोमलनं डोळे पुसत सांगितलं, "पंधरा." रऊफभाई पलीकडून हसले. तिनं बँक सोडली. परीक्षा मात्र निघाली नाही. पुढे ती ऊर्जानगरच्या एका शाळेत शिकवायला लागली आणि तिचे काका वर्षभर बाईंच्या नावानं बोटं मोडत होते. बाईंना ते कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काकाले नव्वद वाटत होते ना, मग त्याचे नव्वद गेले. राग येईनच."

कोणाला वाटेल बाई सगळ्यांना उडी मारायला सांगत. तसं मुळीच नव्हतं. त्या स्वतः अतिशय जपून राहणाऱ्या होत्या. चंद्रपुरातल्या एका शिकवणी-वर्गानं त्यांना बोलावलं होतं, पगार कितीतरी जास्त. गाडी दारात येणार होती. सगळी शाळा म्हणत होती, जा. बाईंनी त्यांना नकार कळवला. मी विचारलं तर म्हणाल्या, "मले इथी रात्री झोप लागते. झोपेले मी ऐंशी देतो. उरलेल्या विसात शिकवणीवाल्यानं काय काय बसवावं?" आणि खुशीत हसल्या. गणित एकच असतं, माणूस बदलला की उत्तर बदलतं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी ते पाहिलं.

आता माझं सांगतो.

आमचं गाव माजरीच्या बाजूला. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना आमचं शेत कोळशाच्या खाणीत गेलं. मोबदल्यासोबत घरातल्या एकाला कंपनीत नोकरी मिळणार होती. त्यासाठी ठरलेल्या मुदतीत एक नाव द्यायचं होतं. कायमची नोकरी, क्वार्टर, दवाखाना. गावात ज्या घराला अशी नोकरी लागली त्या घराची चाल बदलते. आमच्या घरात तर आमच्या पिढीआधी कोणी कॉलेजही पाहिलेलं नव्हतं. बाबा कोणालाही सांगायचे, "आमच्या गजूचं नाव देऊन राह्यलो."

माझ्या डोक्यात मात्र मासे होते. कुरखेड्याच्या बाजूला मामाचं गाव आहे. तिथे जुना मोठा तलाव आहे आणि मासेमारांची सोसायटी. दर पावसाळ्यात ते तलावात सोडायला माशांची पिल्लं दूरच्या राज्यातून आणत. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पाणी आणि हवा भरून ती येत आणि पुष्कळशी वाटेतच मरत. मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. एक उन्हाळा आणि एक पावसाळा मी एका मत्स्यबीज केंद्रावर राबलो होतो. ही पिल्लं तिथेच, तलावाच्या काठावर तयार करता येतील असं मला वाटत होतं. सोसायटी मला जागा द्यायला तयार होती, पण यंदाच्या हंगामात सुरू करणार असेन तरच. म्हणजे नोकरी आणि मासे, दोन्ही एकदम जमणार नव्हते.

मी बाईंच्या ओसरीवर गेलो.

"वाईटात वाईट काय?"

"मासे मेले, नोकरीबी गेली, वय निघून गेलं. घर उघड्यावर."

"शून्य. चांगल्यात चांगलं?"

"केंद्र चाललं. शंभर."

"खाणीची नोकरी?"

"ऐंशी."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हणालो, "ऐंशी बाबांचे. माझे साठ."

"केंद्र चालण्याचे दहात किती? खरं सांग."

"चार."

बाईंना कागदाची गरज नव्हती. चाळीस एकीकडे, साठ एकीकडे. त्या म्हणाल्या, "गजू, नोकरी घे."

मी रडलो नाही. आकडे माझेच होते. रऊफभाईंनी मला चहा दिला आणि म्हणाले, "कोळसा काला है बेटा, पगार सफेद आता है." मी घरी येऊन बाबांना होकार दिला. आईनं त्या दिवशी गोड केलं.

पुढच्या रविवारी बाई आमच्या दारात उभ्या. ऑटोनं आल्या होत्या, साडीला धूळ, हातात पर्स. त्या याआधी कधी आमच्या घरी आल्या नव्हत्या. बाबा गडबडून उभे राहिले. मी खुर्ची पुसली.

"भाऊ," बाई बाबांना म्हणाल्या, "मी याचा हिशोब करून देल्ला, पण मले त्यातलं शून्य पटून नाई राह्यलं. हा खाणीत गेला नाई तं ती नोकरी बुडते का?"

"बुडते कशी? आपल्या जमिनीची आहे. घरातलं कोणाचंबी नाव चालते."

"कोणाचंबी?"

"म्हणजे पोराचं जी. पोरगा एकच आहे."

वैशालीताई चहा घेऊन आली होती. माझी मोठी बहीण, बी.कॉम. झालेली, गावातल्या बायकांचे बचतगटाचे व्यवहार पाहायची आणि स्थळं पाहायला लागायची वाट बघत घरी होती. ती कप ठेवत म्हणाली, "पोरीचंबी चालते, बाई. बाजूच्या गावच्या दोघींचं नाव लागलं. एक डंपर चालवून राह्यली."

बाबा तिच्याकडे वळले.

"मग तू बोलली काऊन नाई?" बाबांनी विचारलं.

"मले कोणी इचारलं?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्यानं हसल्या. "घ्या! मी जिंदगीभर पोरींले गणित शिकवलं, स्वतः पोरगी आहो, नोकरी करतो. तरी मले या घरात एकच पोरगा दिसला. मी आकडे तपासले. माणसंच पुरी मोजली नाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची वळवून ताईसमोर घेतली. "बस. वाईटात वाईट काय?"

"हेच. इथी बसून राहणं."

"अन् नोकरीले किती देतेस?"

"शंभर," ताई म्हणाली. "त्याच्यावर जागाच नाई म्हणून."

आई दाराच्या चौकटीला टेकली होती. ती तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत.

"बाई, हे तुमच्या गणितात बसते," ते म्हणाले. "माह्या दारात नाई बसत. पोरगी उद्या लग्न होऊन जाईन. नोकरी तिच्यासंगं जाईन. जमीनबी गेली, नोकरीबी गेली. म्हातारपणी मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

बाईंनी त्यांना खोडून काढलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "हे तुमचं शून्य आहे भाऊ. खरं आहे. हे मले आधीच विचाराले पाहिजे होतं. आता हे कितीदा होईन, ते हिलेच विचारा. दहात किती?"

बाबांनी ताईकडे पाहिलं. तिनं आकडा सांगितला नाही. ती म्हणाली, "बाबा, गजू मासे घेऊन कुरखेड्याले चालला. लग्न करून तो तिकडेच राहिला तं त्याचं तोंड तरी कुठी दिसणार आहे तुमाले? मी माजरीत राहीन. सायकलनं येता येते."

बाबा उठून बाहेर गेले. अंगणाच्या टोकावरून पूर्वी आमचं शेत दिसायचं, आता खाणीतल्या मातीचा ढिगारा दिसतो. ते पुष्कळ वेळ तिथेच उभे होते. बाईंनी चहा प्यायला, आईला शेवयांची कृती विचारली. मला वाटलं, आता सगळं फिसकटणार. मग बाबा आत आले आणि कोणाकडेच न पाहता म्हणाले, "ते शेत माह्या मायच्या नावचं होतं. तिले तिच्या बापानं देल्लं होतं. जमीन घरात आली तवा नाई कोणी म्हटलं, बाईची आहे म्हणून."

एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर ताईचं नाव दिलं.

जाताना बाईंनी माझा हिशोब ऑटोत बसून पुन्हा केला. ताईची नोकरी घरात असेल तर मासे मेले तरी घर उघड्यावर येत नाही. म्हणजे माझं शून्य शून्य उरलं नव्हतं, चाळीसवर आलं होतं. आधीचे चाळीस, आणि दहातल्या सहा वेळा हे चाळीस म्हणजे चोवीस, सगळं मिळून चौसष्ट. "चौसष्ट अन् साठ," बाई म्हणाल्या. "एवढ्याशा फरकावर मी कोणाले ढकलत नाई. आता आकडे बाजूला ठेव अन् तू ठरव." ऑटो निघाला. मी ठरवलेलंच होतं, आणि त्यांनाही ते दिसलं असणार, कारण त्या मागे वळून हसत होत्या.

पहिल्या हंगामात माझ्याकडची जवळजवळ सगळी पिल्लं मेली. वीज गेली, पाण्याची धार थांबली, उरलेलं काम उकाड्यानं केलं. मी फोनवर बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "जेवला का?" मी नाही म्हणालो. "मग आधी जेव. यंदा त्या सहातलं निघालं तुहं. चार डब्यातच आहेत अजून." ताईनं त्या वर्षी मला काही न बोलता सावरलं. ती खाणीच्या वजनकाट्यावर बसते, कोळशाचे ट्रक मोजते. ड्रायव्हर लोक तिला घाबरतात.

दुसऱ्या हंगामात केंद्र चाललं. तिसऱ्यात सोसायटीच्या लोकांनी बाहेरून पिल्लं आणणं बंद केलं.

बाई मला अलीकडे भेटल्या त्या गेल्या पावसाळ्यात. त्या निवृत्त झाल्या होत्या. रऊफभाईंसोबत एका दिवसासाठी कुरखेड्याला आल्या. चपला काठावर काढून, साडी घोट्याच्या वर धरून त्या गोल हौदापाशी उभ्या राहिल्या. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं जिऱ्याएवढी असतात, त्यांना आम्ही जिरेच म्हणतो. मी पांढऱ्या बशीत थोडी काढून त्यांच्या पुढे धरली. मला वाटलं, आता त्या विचारतील, यातले जगतात किती. त्यांनी बशी डोळ्यांजवळ नेली, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे खातात काय रे?"

"पुढे तेल काढून उरलेली शेंगदाण्याची ढेप अन् कोंडा. आता काईच नाई. दोन-तीन दिवस यांच्या पोटाशी शिदोरी असते."

"शिदोरी घेऊन येतात!" बाईंना त्याचं फार नवल वाटलं. त्यांनी रऊफभाईंना बोलावून दाखवलं, मामाला बोलावून दाखवलं, मला बशी देईनात. तलावावरून वारा येत होता आणि त्या जिऱ्यांशी काहीतरी बोलत होत्या, ते मला ऐकू आलं नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. फोन करता आला असता, पण काही गोष्टी फोनवर माझ्याच्यानं बोलवत नाहीत. ते पत्र असं:

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. रऊफभाईंना सलाम.

ताईचं लग्न ठरलं. मुलगा वरोऱ्याचा, दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. बोलणी बाबांनीच केली. मुलाकडच्यांनी विचारलं, लग्नानंतर पगाराचं कसं. मी घाबरलो होतो. बाबा म्हणाले, पगार तिचा आहे, तिले इचारा. ताईनं काय सांगितलं ते ती तुम्हाला स्वतः सांगणार आहे, मला लिहू देत नाही. पण ते ऐकून मुलगा हसला आणि लग्न ठरलं. तो माजरीतच राहायला येणार आहे.

बाबा आता हंगामात माझ्याकडे येऊन राहतात. पिल्लांना ढेप तेच टाकतात. हंगाम संपला की ताईकडे जातात. त्यांना दोन्हीकडे करमतं.

बाई, मला तुमचे आभार मानायचे आहेत आणि ते कसे मानायचे ते कळत नाही. तुम्ही मला नोकरी घे म्हणाला होतात, तेव्हा माझी तक्रार नव्हती. पण तुम्ही त्यावर घरी स्वस्थ बसला असतात, तर आमच्या घरात ताईला अजूनही कोणी काही विचारलं नसतं. तुम्ही आमच्या दारात आलात. मी त्याच्यासाठी लिहितो आहे.

पत्रिका सोबत पाठवतो. तिच्यात तुम्हाला एक गोष्ट दिसेल. आपल्याकडे नवऱ्या मुलाच्या नावाखाली त्याचं काम छापतात. बाबांनी छापखान्यात बसून ताईच्या नावाखाली ‘वजनकाटा लिपिक’ छापून घेतलं, तेही ठळक. छापखानेवाला म्हणाला, भाऊ, मग पोराचं दुकान कुठी टाकू, जागा नाई उरली. बाबा म्हणाले, बारीक अक्षरात बसव.

लग्नाच्या आदल्या दिवशीच या. मुक्काम आमच्याकडे.

तुमचा,
गजू